काळजी करणें आणि काळजी घेणें

(वाचनाचे भाग : मत्तय ६:२५-३४, १ राजे १७:१-१६, १ पेत्र ५:६-७)



मृग नक्षत्र लागलें म्हणजे आपल्या मराठवाड्यांतील प्रत्येक खेड्यांत एकच गोष्ट दृष्टीस पडते. सकाळीं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारा मनुष्य आधीं आभाळाकडे पाहतो व मग शेजाऱ्याकडे. बियाणें घरांत येऊन पडलेलें असतें, खत उधारीवर आणलेलें असतें, मुलांच्या शाळेचा खर्च समोर उभा असतो. आणि ढग येतात ते वाऱ्याबरोबर पुढें निघून जातात. पाऊस आला नाहीं तर काय, आणि आला तो थांबलाच नाहीं तर काय, अशा दोन तळ्यांच्या जात्यांत शेतकऱ्याचें मन दळलें जातें. २०१२ व २०१३ ह्या सालीं आपण घागरी रांगेंत लावून टँकरची वाट पाहिली. आणि २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत त्याच मराठवाड्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं व कित्येक शेतांतील मातीच वाहून गेली. तेव्हां चिंतेला कारण नाहीं असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

अशा आपल्यापुढें रविवारीं जेव्हां डोंगरावरील प्रवचनाचा तो भाग वाचला जातो, ज्यांत प्रभु येशू आपल्या शिष्यांस अन्नवस्त्राविषयीं चिंता करण्याची मनाई करितो, तेव्हां कित्येकांच्या मनांत एक प्रश्न उठतो. भिडेस्तव ते तो बोलून दाखवीत नाहींत इतकेंच. तो प्रश्न असा : ज्याचें कोठार भरलेलें आहे त्यास हें सांगणें सोपें, आम्हांस तें लागू पडावें कसें? आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करूं.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, प्रभूनें हें वचन कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यांत बसून सांगितलें नाहीं. त्याच्यासमोर कोळी, शेतकरी व रोजंदार मजूर होते. त्यांच्या डोक्यावर रोमी सरकारच्या कराचें ओझें होतें. आणि द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांतील मजुरांप्रमाणें दिवसभर बाजारांत उभें राहून कोणी कामास बोलावील कीं काय ह्याची वाट पाहणें त्यांतील कित्येकांस ठाऊक होतें. सांगणारा स्वतः सुताराच्या घरीं वाढलेला. पुढें डोकें टेकावयास त्याला स्वतःची जागाही उरली नाहीं. रानांत चाळीस दिवस ज्यानें भूक सोसली, त्यानें भुकेल्यांस हें सांगितलें. तेव्हां हा पोट भरलेल्यानें उपाशी मनुष्यास केलेला फुकटचा उपदेश नव्हे.

आतां प्रभु कोणत्या गोष्टीची मनाई करितो तें नीट पाहूं. आपल्या मराठी भाषेंत 'काळजी' हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. आपण काळजी करितों, आणि आपण काळजी घेतों. शब्द एकच, परंतु ह्या दोहोंमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर आहे. आई आजारी लेंकराची काळजी घेते, म्हणजे ती त्याच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेविते, वेळेवर औषध देते, रात्रभर उशाशीं बसते. दारांत आलेली शेजारीण काळजी करिते, म्हणजे ती सुस्कारे टाकते आणि 'आतां कसें होणार' असें दहा वेळां म्हणून घरीं जाते. काळजी घेण्यास हात लागतात. काळजी करण्यास हात लागत नाहींत. ती मन खाऊन जगते. काळजी घेणारा आजच्या कामाकडे पाहतो. काळजी करणारा उद्यांच्या संकटाकडे पाहतो, आणि तें संकट अजून आलेलें नसल्यामुळें त्याला त्याचें कांहींच करितां येत नाहीं.

प्रभु मनाई करितो ती काळजी करण्याची, घेण्याची नव्हे. बियाणें निवडून ठेवणें, विहिरींतला गाळ काढणें, शेताला बांध घालणें, पिकाचा विमा वेळेवर उतरविणें, मुलीच्या शिक्षणासाठीं चार पैसे बाजूस टाकणें, हीं अविश्वासाचीं कामें नव्हेत. आकाशांतील पांखरांचें उदाहरण प्रभूनें दिलें. तीं पेरीत नाहींत व कोठारांत सांठवीत नाहींत हें खरें; परंतु तीं घरट्यांत चोंच उघडून बसूनही राहत नाहींत. उजाडतांच चिमणी कामाला लागते. तिच्यापाशीं कष्ट आहेत. फक्त उद्यांची धास्ती नाहीं. प्रेषित पेत्र तर आपल्या पहिल्या पत्रांत ह्या दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं आणतो : आपण आपली चिंता देवावर टाकावी, कारण देव आपली काळजी घेतो, असें त्याचें सांगणें आहे. ह्यावरून दिसतें कीं, काळजी घेणें हें मूळचें देवाचें काम आहे. आणि आपण जेव्हां कोणाची काळजी घेतों तेव्हां त्याच्या कामांत त्याचे सोबती होतों. काळजी करणें हें मात्र देवाचें काम नव्हे. तें तो कधींही करीत नाहीं.

परंतु न दिसणाऱ्या देवावर चिंता टाकावी तरी कशी? ह्याला आपल्याच जिल्ह्याच्या शहरांत एक दृष्टांत उभा आहे. ज्या शहरास आपले वडील औरंगाबाद म्हणत व ज्याचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें, तेथें बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत पाणचक्की आहे. आपल्यांतील बहुतेकांनीं ती पाहिली असेल. १८ व्या शतकांत बांधलेल्या ह्या चक्कीवर फकिरांसाठीं व वाटसरूंसाठीं पीठ दळलें जात असे. हौदापाशीं उभें राहिलें म्हणजे पाणी उंचावरून पडतांना दिसे, आणि त्याच्या जोरानें खालचें जातें फिरे. पण तें पाणी कोठून येतें हें तेथें उभ्या असलेल्या मनुष्यास दिसत नसे; कारण शहराबाहेरच्या झऱ्यापासून निघून, जमिनीखालून मातीच्या नळांतून मैलोगणती वाट चालून तें तेथवर येत असे. त्याच्याही शंभरावर वर्षें आधीं, १७ व्या शतकाच्या आरंभीं, मलिक अंबर यानें ह्याच शहरासाठीं, म्हणजे त्या वेळच्या खडकीसाठीं, जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली होती. हबसाण देशांत जन्मलेला व गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य पुढें निजामशाहीचा वजीर झाला. आणि कोरड्या पठारावर शहर वसवितांना त्यानें केवळ आभाळाकडे न पाहतां जमिनीच्या पोटांत काय आहे तेंही पाहिलें.

चक्कीवर दळणारा मनुष्य रोज उठून झरा अजून आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं डोंगराकडे जात नसे. तसें तो करिता तर दळण कधींच झालें नसतें. तो समोर आलेल्या पाण्यावर आजचें धान्य दळी. विश्वास म्हणजे हेंच. झरा दिसत नाहीं म्हणून नाहीं असें न म्हणणें, आणि आज जेवढें पाणी आलें तेवढ्यावर आजचें दळण दळणें. त्याबरोबर हेंही विसरूं नये कीं, नळ फुटला तर सांधावा लागे व गाळ सांचला तर काढावा लागे. झरा देवाचा, पण नळाची निगा राखणें मनुष्याकडे.

तथापि दृष्टांत येथपर्यंतच पुरतो. कारण कधीं कधीं झरेही आटतात. मग विश्वासाचें काय? येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

२०१३ च्या उन्हाळ्यांत आम्ही पैठण तालुक्यांतील एका खेड्यांत उपासनेसाठीं गेलों होतों. जायकवाडीचें धरण, ज्याची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली व ज्याचें उद्घाटन १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें झालें, तें तेथून फार दूर नव्हतें. पण एवढ्या मोठ्या नाथसागराच्या काठींही त्या वर्षीं भेगाळलेली जमीन दिसत होती. मंडळींतील एका बंधूनें मोसंबीची बाग दहा वर्षें लेंकराप्रमाणें वाढविली होती. टँकरचें पाणी विकत घेऊन ती वांचविण्याचा त्यानें यत्न केला. कर्ज वाढलें, आणि झाडें शेवटीं वाळलींच. उपासना संपल्यावर तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, रात्रीं झोंप येत नाहीं." आम्ही घाईंत होतों, पुढच्या गांवीं लोक वाट पाहत होते. आम्हीं त्याच्या खांद्यावर हात ठेविला, मत्तयाच्या ६ व्या अध्यायाची आठवण दिली, थोडक्यांत प्रार्थना केली व निघालों. तो कांहीं बोलला नाहीं. आम्हांस वाटलें कीं, वचनानें त्याचें समाधान झालें.

समाधान झालें नव्हतें. आठ दिवसांनीं आम्हांस कळलें कीं, त्याच रात्रीं तो घरांतून उठून विहिरीकडे गेला होता. त्याच्या बायकोला जाग आली, म्हणून ती हांका मारीत मागें गेली व तिनें त्याला परत आणलें. हें ऐकून आम्ही धांवत त्या गांवीं गेलों. तेथें काय पाहिलें? मंडळींतील एक म्हातारी विधवा, जी खुरपणीच्या मजुरीवर पोट भरीत असे, ती रोज संध्याकाळीं आपली भाकर फडक्यांत बांधून त्यांच्या ओसरीवर येत होती. त्यांच्याबरोबर बसून जेवावें, त्याला चार घांस खावयास लावावे, आणि झोंपेची वेळ होईपर्यंत तेथेंच बसून राहावें, एवढेंच ती करी. आम्ही पुन्हां बायबल उघडूं लागलों, तों ती हळूच म्हणाली, "साहेब, वचन त्याला तोंडपाठ हाय. त्याला माणूस पायजे."

प्रियहो, त्या दिवशीं त्या बाईनें आम्हांस आमचाच पाठ शिकविला. आम्हीं त्या बंधूला काळजी करूं नको असें सांगितलें होतें. पण त्याची काळजी घेतली नव्हती. प्रभूचें वचन आम्हीं त्याला अर्धें तोडून दिलें होतें. कारण चिंता करूं नये एवढेंच सांगून प्रभु थांबत नाहीं; आपल्या स्वर्गांतील पित्याला आपली गरज ठाऊक आहे हेंही तो सांगतो. आणि पित्याला ठाऊक आहे हें खचलेल्या मनुष्यास कळावें कसें, जर त्या पित्याचीं लेंकरें त्याच्या ओसरीवर येऊन बसलीं नाहींत?

त्यानंतर मंडळींतील चार कर्तीं माणसें त्याच्याबरोबर बसलीं व कोणाचें किती देणें आहे तें सर्व कागदावर लिहिलें. जो आंकडा रात्रीं अंधारांत डोंगराएवढा वाटत होता, तो कागदावर उतरल्यावरही मोठाच होता. पण त्याला शेवट होता. दोघे त्याच्याबरोबर कर्जाच्या कचेरींत गेले व हप्ते ठरवून आले. मृगाच्या पावसावर शेजाऱ्यांनीं त्याच्या रानांत नांगर घातला, आणि जेथें मोसंबी होती तेथें बाजरी व तूर पेरली गेली. कर्ज एका वर्षांत फिटलें नाहीं. बागही परत आली नाहीं. पण तो बंधु आहे, त्याचीं मुलें शाळा शिकलीं, आणि आतां दुसऱ्या कोणाच्या घरीं दिवा उशिरापर्यंत जळतांना दिसला तर तोच आपली भाकर बांधून तेथें जातो.

आतां राजांच्या पहिल्या पुस्तकांतील १७ वा अध्याय पाहूं. एलीयानें अहाब राजास दुष्काळाची सूचना दिली, आणि देवानें त्यास करीथ ओहोळाजवळ लपावयास सांगितलें. तेथें कावळे त्याला भाकर व मांस आणून देत व ओहोळाचें पाणी तो पिई. ही गोष्ट आपण आपल्या लेंकरांस आवडीनें सांगतों. पण लगेच पुढें एक लहानसें वाक्य आहे, त्यावरून आपण भरकन पुढें जातों. कांहीं दिवसांनीं तो ओहोळ आटला. देवाचा सेवक, देवानें सांगितलेल्या जागीं, देवाची आज्ञा पाळीत बसलेला; आणि त्याच्या डोळ्यांसमोर पाणी रोज थोडें थोडें कमी होत गेलें. ज्यांनीं आपल्या विहिरीचा तळ उघडा पडतांना पाहिला आहे त्यांना एलीयाचे ते दिवस समजावून सांगावे लागणार नाहींत.

ओहोळ आटला म्हणून एलीयाचा विश्वास खोटा होता काय? नाहीं. देवानें त्याला सोडलें होतें काय? तेंही नाहीं. ओहोळ म्हणजे देव नव्हे, हें त्याला कळावयाचें होतें. देवानें दुसरें दार उघडलें. पण तें कोणत्या राजवाड्याचें नव्हतें. सारफथ गांवच्या वेशीपाशीं काटक्या गोळा करणाऱ्या एका परक्या विधवेचें तें घर होतें, आणि तिच्या मडक्यांत मूठभर पीठ व भांड्यांत थोडें तेल एवढेंच उरलें होतें. देवाला पुन्हां कावळे पाठवितां आले नसते काय? आले असते. परंतु ह्या खेपेस त्यानें मनुष्याला मनुष्याकडे पाठविलें. आणि तें मडकें एका रात्रींत पिठानें भरून वाहूं लागलें असें तेथें लिहिलेलें नाहीं. तें सरलें नाहीं, इतकेंच लिहिलें आहे. म्हणजे रोज सकाळीं त्या बाईला विश्वासानें मडक्यांत हात घालावाच लागला असला पाहिजे. देवानें तिला कोठार दिलें नाहीं. रोजची मूठ दिली, आणि ती मूठ तिघांत वांटली जात असतां दिली.

असाच प्रकार आपल्या महाराष्ट्रांतही घडला आहे. १९०० सालच्या दुष्काळांत पंडिता रमाबाई यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळानें निराश्रित झालेल्या मुलींना व स्त्रियांना मोठ्या संख्येनें आश्रय दिला. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकांत त्या काळच्या पाण्याची हकीकत त्यांनीं लिहून ठेविली आहे. एकोणीसशेंवर माणसें, शंभरावर जनावरें, शिवाय चालू असलेलें बांधकाम, आणि पाण्याला विहिरी दोन. दिवसभरांत सर्व पाणी उपसलें जाई व संध्याकाळीं विहिरीचा तळ दिसे. उद्यां काय, हा प्रश्न रोज संध्याकाळीं उभा राही. आणि सकाळीं त्या दिवसापुरतें पाणी पुन्हां आलेलें असे. ह्यांत ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट ही कीं, रमाबाईंनीं आधीं दहा वर्षांच्या पाण्याची हमी मागून मग मुली आणल्या नाहींत. त्यांनीं मुली आणल्या, आणि रोजचें पाणी रोज स्वीकारलें. त्यांनीं काळजी घेतली. करणें तें देवावर सोपविलें.

येथें कोणी प्रामाणिकपणें विचारील : ज्यांना पाणी मिळालें नाहीं त्यांचें काय? ज्यांनीं प्रार्थना केली आणि तरीही ज्यांचा मनुष्य गेला, त्यांचें काय? हा प्रश्न टाळणें योग्य नव्हे, आणि रमाबाईंच्या चरित्रानेंच तो टाळतां येत नाहीं. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत त्यांचे वडील, आई व थोरली बहीण हीं एकामागून एक उपासमारीनें गेलीं. आणि त्या व त्यांचे भाऊ पायीं देशभर भटकले. त्या वेळीं कोणतीही विहीर त्यांच्यासाठीं रात्रींतून भरली नाहीं. तें कां झालें ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं, आणि ज्या घरीं असें दुःख आहे तेथें जाऊन उत्तर देण्याचें धाडस कोणीं करूं नये. परंतु एवढें आपण पाहूं शकतों कीं, जिनें उपासमारीनें आईबाप गमावले तिनेंच पुढें दुष्काळांतील परक्या मुलींना पोटाशीं धरिलें. ज्या दारीं कोणी आलें नाहीं, त्या दारांतून ती दुसऱ्यांकडे गेली. ओहोळ आटणार नाहीं असें वचन देवानें कोणासही दिलेलें नाहीं. त्यानें वचन दिलें आहे तें हें कीं, आटलेल्या ओहोळाकांठींही तो आपल्याला टाकणार नाहीं. पौल प्रेषितानें फिलिप्पैकरांस चिंता न करण्याविषयीं लिहिलें तें बेड्यांत असतां लिहिलें. आणि ज्या ख्रिस्तानें पांखरांकडे पाहावयास सांगितलें तो स्वतः पुढें वधस्तंभावर गेला. तेथें त्यानें 'मला तहान लागली' असें म्हटलें हें आपण कधीं विसरूं नये. आपल्या तहानेला परका असा आपला प्रभु नव्हे.

काळजी घेणें हें एका घराचेंच काम नव्हे; सर्व समाजाचेंही तें काम आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या वृद्धांस आहे. लाखों माणसांनीं सरकारी कामांवर खडी फोडली, तलाव व रस्ते बांधले, मुलांनीं सुकडी खाल्ली. आणि त्या अनुभवानंतर १९७७ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागणाऱ्या हाताला काम मिळावें ही काळजी घेण्याचीच रीत होय. त्या लोकांनीं नुसतें कपाळाला हात लावून बसावयाचें ठरविलें असतें तर ते तलाव आज कोठें दिसते?

तर मग, बंधुभगिनींनो, आपण काय करावें? थोड्या साध्या गोष्टी आम्ही सुचवितों.

पहिली ही कीं, रात्रीं अंथरुणावर पडल्यावर उद्यांचा हिशेब मांडूं नये. हिशेब दिवसां मांडावा, कागदावर मांडावा, आणि घरच्या माणसाबरोबर बसून मांडावा. नवऱ्यानें कर्ज बायकोपासून लपविणें हा मोठेपणा नव्हे. तिच्या ओझ्याचा अर्धा भाग तो तिच्यापासून चोरतो, आणि स्वतः मात्र दुप्पट वाहतो. रात्र देवाची आहे. प्रार्थना करून ती त्याच्या स्वाधीन करावी.

दुसरी ही कीं, प्रार्थनेंत देवाला आपली गरज नांव घेऊन सांगावी. 'सर्वांचें भलें कर' असें मोघम न म्हणतां, बियाण्याचें, हप्त्याचें, मुलीच्या तापाचें नांव घ्यावें. प्रभूनें आपणांस आजची भाकर मागावयास शिकविलें आहे. भाकर ही कांहीं मोघम वस्तु नव्हे. आणि मागितल्यावर आज जें मिळालें त्याबद्दल उपकार मानावे.

तिसरी गोष्ट मंडळीसाठीं. ज्याच्या घरचा दिवा उशिरापर्यंत जळतो, जो उपासनेला येईनासा झाला, जो सारखा गप्प राहतो, ज्याला अन्न गोड लागत नाहीं, त्याच्याकडे कोणी तरी जावें. उपदेश घेऊन जाऊं नये. भाकर घेऊन जावें. त्याचें ऐकावें. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा तो बोलला तर ती हसण्यावारी नेऊं नये, त्याला एकटें सोडूं नये, आणि डॉक्टरकडे नेण्यास लाजूं नये. मन थकणें हा आजार आहे; तें अविश्वासाचें पाप नव्हे. सरकारनें २०२२ सालीं टेलिमानस नांवाची सेवा ह्याचसाठीं सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ हा प्रत्येक मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

चौथी गोष्ट पाळकांसाठीं व उपदेशकांसाठीं, आणि ती प्रथम आम्हांसच लागू आहे. घाईंत असतांना मत्तयाचा ६ वा अध्याय कोणालाही सांगूं नये. ज्याच्याजवळ बसावयास आपणांस वेळ नाहीं, त्याला चिंता करूं नको असें म्हणण्याचा अधिकारही आपणांस नाहीं.

प्रियहो, पुढचा पाऊस कसा येईल हें आम्हांस ठाऊक नाहीं. कदाचित् वेळेवर येईल, कदाचित् ओढ देईल. नाथसागर भरेल किंवा त्याचा तळ पुन्हां दिसेल. हें सर्व उद्यांचें आहे, आणि उद्यां अजून देवाच्याच हातीं आहे. आज आपल्या हातीं आहे तें एवढेंच : आजचें रान, आजची भाकर, आणि आज दारीं उभा असलेला शेजारी. त्या म्हाताऱ्या विधवेपाशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें. एक भाकर व एक संध्याकाळ होती. तीं तिनें दिलीं, आणि एका घरांतला दिवा विझावयाचा राहिला. आपण प्रत्येकजण एवढें तरी देऊं शकतों.

हे प्रभो, आमची काळजी करण्याची संवय तूं काढून टाक, आणि काळजी घेण्याचें तुझें काम आमच्या हातीं दे. आमचा ओहोळ आटला तर आम्हांस दुसरें दार दाखीव. आणि दुसऱ्याचा आटला तर तें दार आमच्या घराचें असूं दे. आमेन.